अर्धी गुलाबी, अर्धी पांढरी

रेल्वे क्वार्टर, बडनेरा
ता. १९ एप्रिल १९६४

श्रीयुत श्रावणराव मास्तर, मुक्काम अकोला, यांना बडनेऱ्याच्या पॉइंट्समनचा, म्हणजे तुमच्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या भावाचा, नत्थुजीचा सप्रेम जय भीम.

जवाईबापू, तब्येत कशी आहे? पंचफुला कशी आहे, लेकरं कशी आहेत? इकडं मी ठणठणीत आहे, आणि हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही, त्याचाच किस्सा पुढं सांगणार आहे. मागच्या पत्रावर तुम्ही लाल शाईनं सतरा खुणा करून ते मलाच परत पाठवलंत. (तुमच्या वहिनीनं, चतुरानं, ते आल्यागेल्याला दाखवलं. मास्तर जवाई केल्याचा हा फायदा.) हेही पत्र खुशाल तपासा, पण आधी पूर्ण वाचा. पंचफुलानं कळवलंय की तुम्ही एवढ्या उन्हात सकाळच्या शाळेला मफलर गुंडाळून जाता. अकोल्याचं ऊन आणि मफलर? मास्तर लोकांची फॅशन आम्हा रुळावरच्या माणसांना काय कळणार म्हणा! ते असो.

तर माझ्या मानेची गाठ. दिवाळीच्या आधी लिंबाएवढी झाली होती हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याही आधीचे चार महिने ठाऊक नाहीत, कारण तेव्हा मीसुद्धा गळ्याला उपरणं गुंडाळून हिंडत होतो आणि विचारलं की सर्दी आहे म्हणून सांगत होतो. दर्यापूरच्या बाजारातल्या एका वैदूनं त्यावर बिब्बा लावून दिला. गाठ जागची हलली नाही, वरचं कातडं मात्र गेलं. मग काखेत दुसरी आली तेव्हा चतुरानं मला हाताला धरून अमरावतीला नेलं. (धरून म्हणजे खरंच धरून. अख्ख्या फलाटानं पाहिलं.) तिथल्या मोठ्या दवाखान्यात धारप नावाचे डॉक्टर मुंबईहून आलेले आहेत, पुण्याकडचे, बोलायला मऊ. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासला आणि बसवून सांगितलं की हा गाठींचा कॅन्सर आहे, असाच ठेवला तर वर्ष निघणार नाही. मास्तर, मी सतरा वर्षं धडधडत्या गाडीपासून हातभर अंतरावर उभा राहिलेला माणूस, पण तेव्हा खुर्चीचा दांडा घट्ट धरला, खोटं कशाला सांगू.

आता यावर दोन गोळ्या. एक पांढरी, जुनी, जिचा थोडाफार गुण येतो. दुसरी गुलाबी, नवी, बाहेर देशातून आलेली, जिचा कदाचित जास्त येईल, कदाचित कमी. मी विचारलं, साहेब, चांगली कोणती? तर डॉक्टर म्हणाले, मला माहीत नाही, माहीत असतं तर तीच सगळ्यांना दिली असती. म्हणूनच अर्ध्या लोकांना ही, अर्ध्यांना ती देऊन पाहतो आहोत. आतापर्यंत भेटलेल्या सगळ्या वैदू-डॉक्टरांत ‘मला माहीत नाही’ म्हणणारा हा पहिला, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. कोणाला कोणती द्यायची हेही ते स्वतः ठरवत नाहीत. मुंबईहून बंद पाकिटं आलेली, प्रत्येक पेशंटमागे एक, आत चिठ्ठी. माझ्या पाकिटात निघाली गुलाबी.

आणि समोरच्या खाटेवर पंजाबराव पाटील, बार्शीटाकळीचे, साठ एकर काळी जमीन, मिशा अशा की उशीवर मावत नाहीत. त्यांना निघाली पांढरी. झालं! पाटील खाटेवर उठून बसले. “मले जुनी अन् या पॉइंटवाल्याले नवी? हे काहून?” त्यांचं म्हणणं, चिठ्ठी पुन्हा काढा, पंचासमोर काढा. (त्यांच्या भावाभावांत वाटणी चिठ्ठ्या टाकूनच झाली होती आणि नाल्याकाठचं गोटाळ, दगडगोट्यांचं वावर यांच्या वाट्याला आलं होतं. तेव्हापासून चिठ्ठी म्हटलं की पाटलाच्या पोटात दुखतं.) डॉक्टरांनी हात जोडले, पण पाकीट काही दुसरं दिलं नाही.

पाटलाचा पितळी तांब्या त्यांच्या उशाशी असायचा आणि त्याला आमच्यापैकी कोणी हात लावू नये, हे त्यांच्या कारभारणीनं, दुर्गाबाईंनी, पहिल्याच दिवशी नर्सला सांगून ठेवलं होतं. मी छप्पन साली नागपूरला जाऊन आलेला माणूस. पाटलाच्या तांब्याशी मला काय देणंघेणं? मी माझ्या ग्लासानं पाणी प्यायचो आणि मुद्दाम मोठ्यानं घोट घ्यायचो.

पण मास्तर, आठ दिवसांत माझी गाठ मऊ पडायला लागली आणि पाटलाची तशीच. रोज सकाळी ते माझ्या मानेकडे पाहायचे. मग आपल्या काखेला हात लावून भिंतीकडे तोंड करायचे. आता तुम्हीच सांगा, समोर माणूस उपाशी बसलेला असताना आपण एकट्यानं घास कसा गिळावा? आपल्या घरात असं कोणी कधी केलं आहे काय? माझ्या गळ्यातून ती गोळी उतरेना. शेवटी एका सकाळी गुलाबी गोळी तळहातावर धरून मी पाटलाच्या खाटेजवळ गेलो. “घ्या पाटील, अर्धी तुमची.” ते भिंतीकडून वळले. मग उशीखालून सुपारीचा अडकित्ता काढला, (सुपारी बंद केली होती डॉक्टरांनी, अडकित्ता बंद करायचा राहून गेला होता) कटकन गोळीचे दोन तुकडे केले, आणि लगेच आपल्या पांढरीचेही केले. “फुकट नाई घेत मी कोनाचं.” असं म्हणून पाटलानं माझ्या हातचा तुकडा तोंडात टाकला आणि वरून आपल्या तांब्यातलं पाणी प्याले. (म्हणजे गोळीला चालतं, पाण्याला चालत नाही. हे शास्त्र कुठल्या शाळेत शिकवतात ते तुम्हाला माहीत असल्यास कळवा.)

असं अडीच महिने चाललं. नर्स सुंदराबाई गोळी देऊन वळली की अडकित्ता बाहेर. मधे पाटलाला उलट्यांनी इतकं गळून गेल्यासारखं झालं की तांब्या हातातून सुटला आणि सगळं पाणी फरशीवर. तेव्हा म्हणाले, “नत्थुजी, पानी दे गा.” मी माझा ग्लास दिला. प्याले. पूर्ण प्याले. मी त्यावर एक टोमणाही मारला नाही, हे चतुराला अजून खरं वाटत नाही. त्या दिवसापासून दुर्गाबाईंच्या डब्यात माझ्यासाठीही भाकर यायला लागली. ठेचा असा की गाठ राहो बाजूला, डोक्यावरचे केस उभे राहतील. (केस तेव्हा नव्हते. गोळ्यांनी गेले होते. आता पुन्हा येत आहेत, काळे येत आहेत.)

आणि गाठी गेल्या! माझी गेली, पाटलाचीही गेली. डॉक्टर आनंदानं टेप घेऊन मोजायचे आणि मग कपाळाला आठ्या घालून कागद पाहायचे, कारण त्यांच्या कागदावर गुलाबी आणि पांढरी अगदी बरोबरीनं पळत होत्या. मग मार्चमधे एक दिवस सुंदराबाईनं खाट झाडताना अडकित्ता उचलला. त्याच्या पात्यावर गुलाबी भुकटी.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाटलाच्या खाटेवर बसले आणि नुसतं विचारलं की आता कोणत्या गोळीनं गाठ गेली ते मी कसं सांगू? पाटील म्हणाले, “गेली ना? मंग झालं तं!” डॉक्टर म्हणाले, “तुमची गेली, पाटील. उद्या जो येईल त्याची कशी घालवू?”

मास्तर, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सतरा वर्षं सांधा ओढतो. गाडी या रुळावर जाईल नाहीतर त्या रुळावर. अर्धी इकडं आणि अर्धी तिकडं गेली तर त्याला आम्ही दया म्हणत नाही, अपघात म्हणतो, आणि चौकशी बसते. आणि मी मात्र मनाचा मोठेपणा म्हणून तेच करून बसलो होतो. लाज वाटली. डॉक्टरांनी वहीत आमच्या दोघांच्या नावांवर रेघ मारली. औषध बंद केलं नाही, नुसतं मोजणीतून काढलं. मी तिथल्या तिथं शब्द दिला, साहेब, दोन माणसं आम्ही बिघडवली, दोन सरळ माणसं भरून देतो. पाटलांनी बार्शीटाकळीचा एक माणूस परवा आणून बसवलासुद्धा. दुसऱ्याची जबाबदारी माझी, आणि मी दिलेला शब्द फिरत नाही हे अख्खं बडनेरा जाणतं.

पंचफुलाला आशीर्वाद. लेकरांना गोड पापा.

तुमचा
नत्थुजी

ता. क. – आमच्या पंचफुलाला तुम्ही सर्दी म्हणून सांगितलंत. ती माझी बहीण आहे, मास्तर, माहेरी आली तेव्हा माझं उपरणं तिनंच धुतलं होतं. तुम्ही झोपल्यावर तिनं मफलर सोडून पाहिला. डाव्या बाजूला दोन, उजव्या बाजूला एक, बोरापेक्षा मोठ्या. तिच्या चार ओळींच्या पत्रात तीन ठिकाणी शाई पसरली आहे. बिब्बा लावू नका. पुढच्या सोमवारी, २७ तारखेला, सकाळच्या पॅसेंजरनं निघा, बडनेऱ्याला मी फलाटावर उभा आहे. तुकडा काढून तपासतील. साधी गाठ निघाली तर चतुराच्या हातचं जेवून परत जा.

दुसरा ता. क. – वर ठणठणीत लिहिलं आहे ते नव्वद टक्के खरं. जबड्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पुन्हा हाताला लागतं आहे. डॉक्टरांना दाखवलं, ते लक्ष ठेवून आहेत. हे मी चतुराला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो आहे, कारण भीती वाटली तर दोघांनी मिळून वाटली पाहिजे. भीती वाटून घ्यायला डॉक्टरांची ना नाही.

तिसरा ता. क. – खिडकीजवळची खाट तुमच्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. पाकीट बंद आहे, डॉक्टर तुमच्यासमोर फोडतील. गुलाबी निघो की पांढरी, पूर्ण गोळी तुमची तुम्ही एकट्यानं खायची. मी समोर बसून पाहणार आहे. अडकित्ता पाटलाकडून काढून घेतला आहे. या पत्रावर लाल शाईनं हव्या तेवढ्या खुणा करा, पण या वेळी पोस्टानं परत पाठवू नका. स्वतः घेऊन या.