टाचणीच्या जेवणाची वेळ

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस आणि मग पुढचं वाच. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानंच जुळवतेस, म्हणून हे पत्र. बातमी अशी आहे की ती मला नीट सांगायचीय!

आमच्या नगरपालिकेच्या प्राणी निवाऱ्यात सोमवारपासून नवी सोय सुरू झाली. आजवर माझ्या टेबलासमोर माणसं यायची, कुत्र्याची साखळी माझ्या हातात द्यायची आणि ढसाढसा रडायची. कारण काय, तर महिनाभर दवाखान्यात राहायचंय आणि मागे बघायला कुणी नाही. मग जनावर कायमचं देऊन टाकायचं. आता तसं नाही. माणूस आजारी पडला तर त्याचं जनावर आम्ही दोन महिने सांभाळणार, फुकट, आणि माणूस बरा झाला की पुन्हा त्याच्या दारात नेऊन सोडणार. साहेबांच्या मागे मी दीड वर्ष लागले होते. परवा त्यांनी सही केली तेव्हा मी हातात शिक्का घेऊन नाचले. साहेब म्हणाले, आधी शिक्का खाली ठेवा, शाई उडतेय.

पहिला अर्ज तुझा. नाही म्हणू नकोस. गुडघ्याची शस्त्रक्रिया तू तीनदा पुढे ढकललीस. दर वेळी शिवणकामाचा ढीग पडलाय असं सांगतेस, पण खरं कारण तुझ्या मशीनखाली पाय पसरून झोपलेलं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर बाबांना स्पष्ट म्हणालेत की हा महिना गेला तर पुढे चाकाची खुर्ची. तेव्हा दवाखाना इथलाच आणि तुझी कुत्री टाचणी माझ्याकडे. सोबत फॉर्म आहे, सगळे रकाने भर.

लोभ आहेच, या वेळी त्यात थोडा विश्वासही घाल.

तुझी,
भिंगरी

*

८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बसूनच वाचलं, कारण उभं राहून वाचण्याचे दिवस गेले. शाईचे डाग कागदावरही आहेत, म्हणजे नाचलीस हे खरं असणार. तुझं कौतुक वाटतं, पण ते तोंडावर सांगितलं की तू हवेत जातेस, म्हणून एवढ्यावरच थांबते.

फॉर्म भरला. काय गं ते रकाने! जनावराला कशाची भीती वाटते, कोणत्या कुशीवर झोपतं, कुणाचा राग येतो. माझ्या लग्नाच्या वेळी सुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती. टाचणीची कसलीही कटकट नाही, तसंच लिहिलंय. खाण्याची वेळ विचारली होती, तिथे ‘काम संपल्यावर’ असं लिहिलंय. तिला दूध-पाव किंवा उकडलेलं अंडं चालतं.

एक सांगून ठेवते. अकरा वर्षांत ती माझ्याशिवाय एक दिवस राहिलेली नाही. तिचे हाल झाले असं मला कळलं, तर मी पट्टीसकट उठून निघून येईन. तुझ्या बाबाला विचार, लहानपणी मी शाळेतून अशीच निघून आले होते. सोळा तारखेला तुमच्या गाडीची वाट बघते.

तुझ्या आईला विचारलं म्हणून सांग. तुझ्यावर जीव आहे, तो जरा सांभाळून वापर.

आत्या

*

१८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू वॉर्डात, मी चार चौक पलीकडे, आणि मध्ये आमचे गाडीवाले काका टपाल खातं होऊन बसलेत. हे पत्र तेच आणून देतील. उत्तरासाठी ते खाली थांबणार आहेत.

टाचणी आल्यापासून सगळा निवारा तिच्यावर लट्टू आहे. तिची खोली आमच्या कचेरीला लागून आहे, खिडकीतून पिंपळासारखं एक मोठं झाड दिसतं, आणि काका तिला दिवसातून दोनदा फिरवतात. चालते छान, कुणावर भुंकत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हृदय उत्तम, दात तुझ्यापेक्षा जास्त.

पण आत्या, ती खात नाहीये.

बाबा म्हणाले, हे तुला परवाच्या शस्त्रक्रियेआधी कळवायचं नाही. मी त्यांचं ऐकणार नाही. जनावराचं खरं त्याच्या माणसाला सांगायचं, हा आमच्या इथला पहिला नियम, आणि तो मीच लिहिलाय. दूध-पाव झाला, अंडं झालं, सूप झालं. ताटलीजवळ जाते, वास घेते आणि परत येऊन माझ्या टेबलाखाली बसते. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी माझ्या पायांकडे बघत राहते. आज तिसरा दिवस. उद्या संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर सलाईन लावावं लागेल. फॉर्म पाचदा वाचला, तुझ्या ‘कटकट नाही’वरून डोळे फिरवले. काही राहिलंय का गं लिहायचं?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लगेच पाठव.

भिंगरी

*

१८ जून, दुपार

भिंगरी,

मायना राहू दे. काका जिन्यात उभे आहेत.

बाबाचं ऐकलं नाहीस हे फार चांगलं केलंस. मी आत्ताच इथल्या डॉक्टरांना सांगितलंय की माझी कुत्री जेवली असं कळल्याशिवाय मी संमतीच्या कागदावर सही करणार नाही. ते हसले. मी हसले नाही.

चूक माझी आहे. काम संपल्यावर म्हणजे संध्याकाळी, असं तुला वाटलं असेल. तसं नाही. मी मशीन चालवते तेव्हा ती खाली पडून असते. तास दीड तास मशीन चालतं, मग थांबतं, मग मी लाकडी झाकण बसवते. ते झाकण बसल्याचा आवाज झाला की ती उठते, अंग झटकते आणि ताटलीकडे जाते. पिल्लू होती तेव्हापासून हेच. तुझ्या टेबलाखाली ती मशीन चालू व्हायची वाट बघतेय गं. फॉर्मात हे लिहायला हवं होतं, पण आपल्या घरात स्वतःची अडचण कागदावर मांडायची सवय कुणालाच नाही.

किल्ली शेजारच्या मास्तरीणबाईंकडे आहे. मशीन जड आहे, पायडल धरून उचलू नका.

आत्या

*

१९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जेवली! जेवली! जेवली!

आता क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील भिंगरी शेवटापासून सुरुवात करते. तुझी चिठ्ठी वाचून आधी मी कपाटाचं दार आपटून पाहिलं. टाचणीनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. काकांना आज सकाळी तुमच्या बाजूला एक मांजर घरी पोचवायचं होतंच. मास्तरीणबाईंनी आणि त्यांनी मिळून मशीन गाडीत चढवलं, आणि दुपारी तीनला तुझं पायमशीन नगरपालिकेच्या कचेरीत, माझ्या टेबलाशेजारी! आवक नोंदवहीत काय लिहायचं हा प्रश्न पडला. साहेबांनी स्वतः लिहिलं, ‘औषध’.

टाचणी मशीन दिसताच धावत आली. मशीनच्या चारही पायांचा वास घेतला आणि पायडलच्या मागे अंग टाकलं, जणू कालच उठून गेली होती. आता प्रश्न चालवायचं कुणी. शिवण शिकवताना तू माझ्यापुढे हात टेकले होतेस, आठवतं? माझी सरळ शिवण सापासारखी जाते. तरी बसले. निवाऱ्यातल्या फाटक्या चादरी घेतल्या आणि तासभर मशीन हाणलं. डॉक्टरीणबाई दारात सलाईनची बाटली घेऊन उभ्या, काका ताटली घेऊन उभे, साहेब काही कारण नसताना उभे. सव्वाचारला मी थांबले. झाकण उचललं आणि बसवलं.

ती उठली, आत्या. अंग झटकलं, माझ्या पायाला नाक लावलं आणि सरळ ताटलीकडे गेली. दोन अंडी आणि दूध-पाव, आणि नंतर ताटली चाटून चाटून भिंतीपर्यंत नेली. काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. आता तू सही कर!

आणि हो, एक गंमत. मशीनवर तुझी एक जुनी चादर तशीच लावलेली होती. तिला हजार भोकं, पण टाका एकसुद्धा नाही! बघते तर सुईत दोरा नाही, बॉबिन रिकामी. मास्तरीणबाईंनी दिलेल्या डब्यातला दोरा मला ओवावा लागला. मला धांदरट म्हणतेस आणि स्वतः दोरा न ओवताच शिवत बसतेस काय? झाल्यावर तुला चांगली चिडवणार आहे.

उद्या सकाळी मी वॉर्डाबाहेर असेन. माया आहेच, आता हिंमतही राख.

तुझी,
भिंगरी

*

२९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल काठी घेऊन खिडकीपर्यंत आठ पावलं गेले. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना म्हटलं, माझ्या भाचीला कळवते, ती नाचेल.

तू रोज येतेस, टाचणीच्या गोष्टी सांगतेस, पण दोऱ्यावरून चिडवायचं म्हणाली होतीस ते चिडवलं नाहीस. माझा चेहरा बघून गप्प बसलीस ना? तुझ्या तोंडावर सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

मी दोरा विसरले नव्हते. माझ्याकडे शिवायला काही नाही, भिंगरी. दोन वर्षं होत आली. तयार कपड्यांची दुकानं झाली, जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली, आणि शेवटी नातवाची चड्डी आखूड करून घ्यायला येणाऱ्या एक बाई होत्या त्याही मुलाकडे राहायला गेल्या. कामाचा ढीग म्हणून मी तुम्हाला सांगत होते तो खोटा. पण टाचणीला हे कसं सांगणार? मशीन चाललं नाही की ती जेवायची नाही. म्हणून रोज ती चादर घ्यायची, तासभर पायडल मारायचं आणि झाकण लावायचं. रिकाम्या चादरीवर दोरा कशाला घालवायचा, म्हणून ओवत नव्हते. गुडघा त्यातच गेला असं डॉक्टर म्हणतात.

खरं सांगू? झाकण बसलं की ती जेवायची आणि तिला बघून मी. ती नसती तर किती दिवस मी जेवले असते, मला माहीत नाही.

आता पायडल वर्षभर बंद म्हणतात. टाचणीचं काय करायचं तेवढा विचार कर. बाबाला यातलं सांगू नकोस. बरं, सांगितलंस तरी चालेल.

आत्या

*

२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते उठून आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, मोटर. मशीनला मोटर बसवायची, चांगल्या पायानं नुसतं दाबायचं. मेकॅनिक उद्या येतोय.

दुसरं. मी शिवलेल्या चादरी कुत्र्यांनी एका रात्रीत उसवल्या. साहेबांनी त्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. निवाऱ्याला खोल्यांच्या गाद्यांसाठी साठ खोळी हव्या आहेत, दुहेरी शिवणीच्या, आणि त्या शिवणारं कुणी ओळखीत आहे का असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, एक आहेत, पण फार कामात असतात, विचारून बघते.

तर विचारतेय. वेळ मिळेल का?

तुझी लाडकी (एकुलती एक असल्यामुळे),
भिंगरी

*

१४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुमची गाडी आली. आधी टाचणी उतरली, मग मशीन, मग कापडाचे तागे. काकांना टाचणीनं माझ्याआधी चाटलं, हे मी लक्षात ठेवलंय. तिचं वजन वाढलंय आणि ती थोडी लाडावलीय, दोन्हीला तू जबाबदार.

मोटर फार किरकिरी आहे. टाचणीनं तिच्याकडे बघून नाक मुरडलं, मग मागच्या जागी जाऊन पडली. मी कापड बेतलं. चष्मा शोधला. सुईत दोरा ओवायला बसले, तिसऱ्या खेपेला गेला. दोन खोळी झाल्या. शिवण बोटानं चाचपून बघितली, सरळ आहे. तुझ्या साहेबांना सांग, कामात आहे खरी, पण बाकीच्या अठ्ठावन्न वेळेवर देईन.

मग झाकण लावलं. ती उठली, आणि आम्ही दोघी जेवलो.

माझा जीव आहे तुझ्यावर. यापुढे जपून वापरायची गरज नाही.

आत्या