कावळ्याच्या पिसाऐवजी प्लॅस्टिक

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आता इथे टेक्सासात मला तुमच्यासारखाच एक मनुष्य भेटला. रंगाने गोरा, पायांत मोजे, आणि दमेकऱ्याची घ्यावी तशी वाद्याची काळजी घेणारा. खोलीतली हवा कोरडी पडू नये म्हणून मशीन लावून ठेवलंय. पण तोंड उघडलं तसं मी ओळखलं. हे वाद्य खरं, ते खोटं. अशा लोकांचं पीक जगात कुठल्याच साली बुडत नाही.

नात सोळा वर्षांची आहे, पियानो वाजवते. आमच्याकडे आहे तो विजेवरचा, बटण दाबलं की सुरू होतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन माणसाचं संगीत ती चार महिने घोटत होती. शाळेच्या कार्यक्रमात एकटीने वाजवायचं होतं. मी भाजी निवडायचे तीसुद्धा त्याच्या तालावर. मग कोणीतरी सुचवलं, या गोऱ्या मास्तरांना एकदा ऐकव. त्यांनी ऐकलं, छान म्हणाले, आणि म्हणाले की त्या माणसाच्या मनात हे वाद्य नव्हतंच. त्याच्या मनात होतं हार्पसिकॉर्ड. पियानोसारखंच दिसतं, पण आत तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते. पियानोवर हे वाजवणं म्हणजे त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं. आठवड्यातून एक तास पोरीला ते खरं वाद्य मिळायला लागलं आणि घरच्याला तिने हात लावणं सोडलं. तीन आठवडे त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या.

"का गं?" म्हटलं, तर म्हणते, "आजी, इट्स द राँग इन्स्ट्रुमेंट. व्हॉट्स द पॉइंट?" सून म्हणाली, "आई, तिचा डिसिजन आहे. नाव कॅन्सल करायचं म्हणते, तर करू दे." मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "एक्स्पर्ट आहेत ते, आई." म्हटलं, "एक्स्पर्ट माझ्याही माहेरी होता."

मिरजेला तुम्ही तंबोऱ्यांची जवारी काढायचात, तार नुसती वाजू नये, गुंजावी म्हणून. तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सूत सरकवायचं, कान लावायचा, परत कानस. तुमच्या हातचा तंबोरा बोलायचा, ते मी नाकारत नाही. त्याच हातांनी चौथीनंतर माझी शाळा बंद केलीत आणि मला तंबोऱ्यांच्या भोपळ्यांना पॉलिश करायला बसवलंत. शेजारच्या काकूंकडे पेटी होती. दुपारी तुमचा डोळा लागला की मी तिकडे जायचे, त्या पेटी धरायच्या, मी गायचे. अकरा वर्षांची होते. एक दिवस तुम्ही दारात उभे. काकू म्हणतात, "पोरीचा गळा चांगला आहे हो." तुम्ही म्हणता, "पेटीवर गायलं ते गाणं नव्हे. दोन पट्ट्यांच्या मधे जे सूर असतात ते त्या खोक्यात नाहीत, आणि हिला ते कधी कळायचे नाहीत. चल, तीन भोपळे राहिलेत." एवढंच. मारलं नाही, ओरडला नाहीत. घरात भिंतीला टेकून सात तंबोरे उभे होते. एकही माझ्या मांडीवर दिला नाहीत.

तर परवा सुनेला म्हटलं, मला गाडीत घे. मास्तरांच्या खोलीत वाद्याचं झाकण उघडं होतं. मी चष्मा लावून आत वाकले. पट्टी दाबली की लाकडाची एक काडी वर उडी मारते आणि तिला लावलेलं नखाएवढं काहीतरी तारेला छेडतं. नखीच ती. नातीला म्हटलं, "विचार, हे कशाचं?" मास्तर खूश झाले. म्हणाले, त्या काळी पक्ष्याचं पीस लावत, बहुतेक कावळ्याचं. "आणि आता?" प्लॅस्टिक, म्हणाले. पीस लवकर मोडतं.

"त्यांना विचार, त्या जर्मन माणसाच्या मनात प्लॅस्टिक होतं का."

"आजी, नो. दॅट्स रूड."

"रूड असू दे. विचार."

तिने खाली बघत विचारलं. मास्तर हसले, मग कानापर्यंत लाल झाले. म्हटलं, आता हेही विचार की त्याने स्वतःच्या हाताने काय लिहून ठेवलंय, कुठलं वाद्य. त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात जुन्या हस्ताक्षराचा फोटो. मास्तर जर्मनचं इंग्रजी करून सांगत गेले, नात ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाद्याचं नावच नाहीये, आजी. इट जस्ट सेज कीबोर्ड." पट्ट्या असलेलं काहीही. तेव्हा ज्याच्या घरी जे असेल त्यावर तो वाजवायचा, हे मास्तरांनीच कबूल केलं. पियानो तेव्हा नुकता कुठे निघाला होता. माहीत होतं तर त्यांना. पोरीला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तीन आठवडे तिचे हात बांधून ठेवले ते कुणाच्या मनातल्या गोष्टीसाठी, तर स्वतःच्या.

घरी आल्यावर तिने कपड्यांच्या घड्या उचलून सोफ्यावर टाकल्या. माझ्याच घड्या होत्या. ती वाजवायला बसली. बोटं अडखळत होती. दोनदा थांबली, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. मग आईला ओरडून सांगितलं, "नाव राहू दे, मी वाजवणारे." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुला हे सगळं कसं कळतं, आजी?" म्हटलं, माझे वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे. तर म्हणते, "सो ही टॉट यू म्युझिक?"

अण्णा, मी हो म्हटलं. खोटं बोलले. तुमची लायकी नव्हती तेवढी, पण तिच्यासमोर नाही म्हणायला जीभ वळली नाही.