एल्सपेथचं वय

३ मार्च १७६९

नीलनं ओढ्याकाठचं आणखी एक अक्रोडाचं झाड पाडलं. सकाळपासून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मी स्वतःला समजावत होते – जळणाला सुकलेला ओक तोडत असेल. दुपारी वॅट धावत आला, केसांत सगळा भुसा. "आई, बाबांनी मला दोरी धरू दिली." सहा वर्षांचं पोर, आनंदानं नुसतं फुललं होतं. मी भुसा झटकला. बोलले काही नाही.

एल्सपेथ बोलली, चरख्यावरून मान वर न करता. "ते झाड आमचं होतं."

"जेवून घे," मी म्हटलं.

४ मार्च

लँकेस्टरचा बंदूकवाला येऊन ओंडके घेऊन गेला. बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडासारखं लाकूड नाही म्हणे. नील त्याच्याशी हसत बोलत होता. त्याला हसताना पाहिलं की मला अजून बरं वाटतं – हेच तर अवघड आहे.

५ मार्च, रविवार

प्रार्थना संपल्यावर गिलफिलन आडवा आला. गिरणीवाला, माझ्या पहिल्या नवऱ्याचा, मॅथ्यूचा जिवाभावाचा दोस्त. मॅथ्यू गेला, मी नीलशी लग्न केलं, अनाथांच्या न्यायालयानं नीलला पोरांचा पालक नेमलं – तेव्हा नीलला जामीन राहिला तो हाच. पोरांचं काही नासलं तर न्यायालय नीलच्या बरोबर ह्याचीही मानगूट धरणार.

"वहिनी, ओढ्याकाठी काय चाललंय?"

"जळण तोडतायत."

"जळण लँकेस्टरला जातं होय?"

तेवढ्यात नील आला, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गिलफिलन, तुझ्या गिरणीचं जातं फिरतंय ना? मग दुसऱ्याच्या घरात कशाला दळतोस?" सगळे हसले. गिलफिलन हसला नाही.

घरी येईपर्यंत एकच शब्द डोक्यात. अनाथ. मी धडधाकट जिवंत आहे, दोन्ही पोरांना रोज माझ्या हातानं वाढते, तरी कायद्याला ती अनाथ. बाप मेला की संपलं. शेत, घर, ओढा, झाडं – सगळं मॅथ्यूच्या पोरांचं. पालकानं पिकवावं, पोरांना त्यावर वाढवावं आणि ती मोठी झाली की होतं तसं हाती द्यावं. कुंपण मोडू द्यायचं नाही. उभं झाड पाडायचं नाही. नीलनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. मी शेजारीच उभी होते, नवा झगा घालून.

९ मार्च

शेवटी विचारलं. दूध काढताना, तो गोठ्यात आला तेव्हा.

"ती झाडं पोरांची आहेत."

"आणि ही पोरं कोणाच्या हातचं खातात?" आवाज चढला नाही. त्याचा कधी चढत नाही. "ग्रिझी, मी चोर आहे का? दक्षिणेला कॅरोलायनात नदीकाठी काळी माती पडलीय, नांगर घालायला माणूस नाही. चांगली गाडी, चार घोडी झाली की निघालो. इथं मी काय आहे? मेलेल्या माणसाच्या घरातला पाहुणा. त्याच्या खुर्चीत बसतो, त्याच्या ताटात जेवतो. तुझी पोरगी मला अजून 'मिस्टर पर्डन' म्हणते."

खरं आहे ते. एल्सपेथनं त्याला एकदाही बाबा म्हटलेलं नाही.

"झाडं काय, पुन्हा येतात," तो म्हणाला. अक्रोड यायला माणसाचा जन्म जातो. मॅथ्यू मरणाला टेकला तेव्हा म्हणाला होता, मला पाईनच्या पेटीत घाला, अक्रोडाला हात लावू नका, तो पोरांचा आहे. पाईनच्याच पेटीत गेला.

आणि हाच नील, मागच्या हिवाळ्यात मी तापानं फणफणले तेव्हा उशाशी बसून चमच्यानं लापशी भरवत होता. दोन्ही खरं. कुठलं धरू?

१७ मार्च

पाऊस. जवसाचं सूत काढलं. बाकी काही नाही.

२ एप्रिल

एल्सपेथचा वाढदिवस. मेपलच्या साखरेची पोळी भाजली. नील म्हणाला, "तेरा झाली का आमची राणी?" ती म्हणाली, "चौदा." तो हसला. "छे. तेरा. हो ना ग्रिझी?"

त्याला ठाऊक आहे. लग्नाआधी मीच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "पोळी थंड होतेय."

एल्सपेथ माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते मला माहीत नाही, मी वर पाहिलंच नाही.

३ एप्रिल

ते चौदा कशासाठी हवं होतं, आज समजलं. कपडे वाळत घालताना ती जवळ आली.

"आई, चौदा झाल्यावर न्यायालयात उभं राहून आपला पालक आपण निवडता येतो. गिलफिलनकाकांनी सांगितलं."

"तू गिरणीवर गेली होतीस?"

"दळण आणायला तूच पाठवलंस."

मी चादर पिळत राहिले. म्हटलं, "ते आपल्याला सांभाळतात, एल्सी. वॅटचा किती जीव आहे त्यांच्यावर."

"वॅट लहान आहे. त्याला वाटतं झाड पाडणं म्हणजे खेळ." मग हळू आवाजात, "वॅटच्या वाट्याचीच झाडं आधी तोडली त्यांनी. वॅट विचारणार नाही म्हणून."

मला हे दिसलं नव्हतं. की दिसलं होतं?

२० एप्रिल

गिलफिलननं न्यायालयात अर्ज केला. नीलला बोलावणं आलं – जूनमध्ये काउंटीच्या गावी, पोरांना घेऊन. वर दोन शेजारी येऊन जमीन बघून जाणार.

नीलनं कागद दोनदा वाचला, घडी घातली. रात्रीच्या जेवणाला वॅटला मांडीवर घेऊन बसला. माझ्याशी एक शब्द नाही. रागावला असता तर बरं.

६ मे

ते दोघे येऊन गेले. कुंपणं हलवून पाहिली, सफरचंदाच्या बागेत हिंडले. ओढ्यावर पोचल्यावर थांबले. नीलनं बुंध्यांवर माती लोटली होती, फांद्या पसरल्या होत्या. एकानं काठीनं फांद्या बाजूला केल्या. वॅट पुढं होऊन दाखवायला लागला – हे बाबांनी पाडलं, ह्याची दोरी मी धरली होती. कौतुकानं.

नीलचा चेहरा. असा मी कधी पाहिला नव्हता.

१० मे

गिलफिलन कुंपणाशी उभा राहून बोलला, आत आला नाही. "वहिनी, तुम्हाला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही, मला माहीत आहे. मी ते मागतही नाही. पण तो न्यायालयात सांगणार, पोरगी तेराची आहे. जुने पाद्री वारले, प्रार्थनाघर जळालं तेव्हा बाप्तिस्म्याची नोंदही गेली. ती कधी जन्मली हे सांगणारं आता तुमच्याशिवाय कोण आहे?"

"आणि सांगितलं तर? पोरं कुठं जातील?"

तो उगाच धीर देणारा माणूस नाही. "माझ्याकडे. वॅट थोडा मोठा झाला की त्याला कुठला तरी धंदा शिकायला घालतील."

"आणि मी?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "बायको नवऱ्याबरोबर जाते, वहिनी. न्यायालय पोरांचं बघतं."

२१ मे, रविवार

प्रवचनात शलमोन राजाची गोष्ट. दोन आया, एक पोर, वर तलवार. पाद्रीबुवांना कोणी सांगितलं असेल का? लोक माझ्याकडे वळून बघत होते, की मला तसं वाटलं?

त्या गोष्टीतली आई म्हणते, देऊन टाका तिला, पण पोर जगू द्या. मग राजा पोर तिलाच देतो. इथं राजा नाही. इथं द्यायचं ते दिलं की गेलं.

१२ जून

उद्या निघायचं. गोठ्यात नील म्हणाला, "न्यायाधीश विचारतील. तेरा सरून चौदावं लागलंय, एवढंच म्हण. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, ग्रिझी. तेवढ्यात गाडी होईल, घोडी होतील, चौघं मिळून निघू. तिथं गेल्यावर माझ्या नावावरची निम्मी जमीन पोरांच्या नावे करीन. शपथ."

तो खोटं बोलत नव्हता. बोलताना त्याला ते सगळं खरंच दिसत असतं. मलाही दिसतं, तो बोलतो तेव्हा.

१४ जून

न्यायालयात झालं ते लिहून ठेवते. नाहीतर पुढं मीच वेगळं आठवीन.

आधी झाडांचं झालं. त्या दोघा शेजाऱ्यांनी पाहिलं ते सांगितलं. नील म्हणाला, गोठा दुरुस्तीला लाकूड लागलं. मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, "गोठा अक्रोडाचा बांधलात? मग आम्हीही बघायला येऊ." मागं कोणीतरी खुदकन हसलं.

मग एल्सपेथला पुढं बोलावलं. तिनं माझी निळी शाल घेतली होती, न विचारता. नील म्हणाला, "महाराज, ती तेराची. कायद्यानं तिला निवडता येत नाही." एल्सपेथ म्हणाली, "मी चौदाची आहे." गिलफिलन म्हणाला, चौदाची. नील म्हणाला, तेरा. न्यायाधीशांनी खोलीवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

कारकून पटकन उठला. "महाराज, ही त्याची बायको. नवऱ्याविरुद्ध—"

"तिच्या नवऱ्याबद्दल आम्ही काही विचारत नाही," न्यायाधीश म्हणाले. "बाई, ही पोर तुमच्या पोटची ना? मग कधी जन्मली, एवढंच सांगा."

नील माझ्याकडे बघत होता. धमकी नव्हती डोळ्यांत. विनवणी होती. वॅट त्याच्या मांडीवर पेंगलेला.

मी म्हटलं, "पंचावन्नच्या एप्रिलमध्ये. दोन तारखेला, पहाटे. मॅथ्यूनं आनंदाच्या भरात बैल सोडून दिले होते, दिवसभर एकटाच त्यांच्या मागं धावत होता." का सांगितलं हे पुढचं, देव जाणे. बोलायला लागले आणि थांबता येईना.

"म्हणजे चौदा पूर्ण," न्यायाधीश म्हणाले. "मुली, कोण पाहिजे तुला?"

"सॅम्युएल गिलफिलन."

मला वाटलं, ती आता माझ्याकडे वळून बघेल. नाही बघितलं.

मग वॅटचं. पालकानं नासधूस केली, सबब तोही गिलफिलनकडे. उठवून घ्यायला गेले तर त्यानं नीलच्या गळ्याला मिठी मारली. "बाबा, मी काय केलं? मी फक्त दोरी धरली होती." नीलनं स्वतः त्याचे हात सोडवले. एकेक बोट. मग बाहेर जाऊन घोड्याच्या मानेत तोंड घालून उभा राहिला.

पिकं निघाली की आम्ही जागा सोडायची. मला विधवा म्हणून मिळालेला तिसरा हिस्सा नीलनं मागंच विकलाय, मीही सही केली होती. तेव्हा आता इथं आमचं काही नाही.

१५ जून

घर रिकामं. परतीच्या वाटेवर नील एकच वाक्य बोलला. "एक वर्ष मागितलं होतं, ग्रिझी."

२ जुलै, रविवार

प्रार्थनाघरात पोरं गिलफिलनच्या बाकावर. वॅटचे केस कापलेत, मान किती बारीक दिसते. त्यानं मला हात केला. एल्सपेथनं त्याचा हात हळूच खाली घेतला.

बाहेर आल्यावर मी तिच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, "जेवतेस ना नीट?"

"हो." मग, "त्यांनी मारलं का तुला?"

"नाही."

"मला वाटलं मारतील. म्हणून मी तुझ्याकडे बघितलं नाही. आपलं आधीच ठरलंय असं त्यांना वाटायला नको."

आणि मी इतके दिवस तिचं ते न बघणं मनाला लावून बसले होते!

१९ ऑगस्ट

गहू निघाला. नीलनं कुठून तरी जुनी गाडी आणली, दोनच घोडी. कॅरोलायनाला निघायचंय. माझ्याशी चांगला वागतो. काल ओढ्यावरून येताना रानफुलं आणली. एकटा गेला तर वाटेत नीट खाणारही नाही.

पाद्रीबुवा म्हणाले, बायकोची जागा नवऱ्याच्या पाठीमागं. मी विचारलं, आईची? म्हणाले, "पोरांची सोय न्यायालयानं केलीय ना?"

४ सप्टेंबर

पेटी भरली. मॅथ्यूचं घर झाडून घेतलं, चूल लिंपली. कोणी येईल त्याला स्वच्छ मिळू दे. उद्या पहाटे.

५ सप्टेंबर

नील गेला. मी उतारापर्यंत गाडीत होते. तिथं म्हटलं, थांबवा. त्यानं थांबवली. का, असं विचारलं नाही. हात देऊन मला खाली उतरवलं, पेटीसुद्धा उतरवून देत होता – मी म्हटलं राहू दे, तिच्यात तुमचे विणलेले मोजे आहेत. वळणाआड होईस्तोवर मी उभी होते. मग परत आले आणि पायरीवर बसले.

दुपारी एल्सपेथ आली, घराला कुलूप लावायला. मला पाहून थबकली.

"गाडी चुकली?"

"नाही."

तिनं हातातलं कुलूप पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "इथं राहायचं तर पालकाची परवानगी लागते, आई. मला एकटीला नाही देता येत."

"ठाऊक आहे."

"काकांना विचारते," ती म्हणाली. कुंपणापर्यंत बाईसारखी नीट चालत गेली. तिथून पुढं धावत सुटली.