खिडकीतला ओला चमचा

मंगळवार, संध्याकाळ. गोडादरा

तो चमचा ओला का होता? भाची वैशालीच्या घरून आल्यापासून हेच डोक्यात आहे. तिची मुलगी तीन दिवसांची. "अंगावरच पितेय," असं सगळे सांगतात. मग खिडकीत गुळाच्या पाण्याची वाटी आणि तीत ओला चमचा कुणासाठी? मुंग्यांसाठी?

संशय अर्थात तिच्या सासूबाईंवर. मी सभेत उभी असल्यासारखी सुरूच झाले. गाय व्याली की चिकाचा खरवस गल्लीभर वाटता, आणि आईचा पिवळा चीक मात्र खराब म्हणून पिळून टाकलात? हा कुठला न्याय?

"आक्का, भाषन सभामा करा. आठे पोर रडी ऱ्हायनी," म्हणत त्या चहा ठेवायला गेल्या.

तेवढ्यात वैशाली पुटपुटली, "मावशी, त्यांना नको बोलूस. चमचा मीच भरवला. पाजताना इतकं दुखतं गं..." आणि रडायलाच लागली.

एवढं बोलले, पण दुखतं का, हे विचारलंच नव्हतं. जवळ बसून पाहिलं, तर बाळ नुसतं स्तनाचं टोक चावत होतं. त्याने तोंड मोठं उघडल्यावर मी तिला ते छातीशी घ्यायला लावलं, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला, तेव्हा वैशालीचे खांदे सैल पडले. गिळण्याचा आवाज ऐकून सासूबाई दारातच थबकल्या. "पी ऱ्हायनी वो माय!"

म्हणजे झालं? पोर पुन्हा रडली तर? निघताना मी तो चमचा गुपचूप पर्समध्ये टाकला. आत्ता समोर टेबलावर आहे. पण त्या घरात काय एकच चमचा आहे? सकाळी पुन्हा जाते. भाषण न करता.