मोरेकाकांची तलवार

१० नोव्हेंबर, रविवार

नाही म्हणाले! सरळ तोंडावर. "विकायची नाय." आणि वर चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

पण आहे — खरी आहे! आमच्या कंपनीतला बॉयलरवाला रघू कधीपासून सांगत होता, "मॅडम, आमच्या गागोद्यात हैबतरावांकडं जपान्याची तलवार हाय." मला वाटायचं, असेल कुठलीतरी लग्नातली. आज रोह्याहून सकाळची गाडी पकडून पेण, तिथून एसटी. हैबतराव अंगणात पेंढा रचत होते. ऐंशीच्या पुढचे, पण काठीसारखे ताठ. "बघायची? बघ की!" जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तलवार माजघरातून घेऊन आले. वडील पलटणीत होते, लढाई संपल्यावर त्यांनी ब्रह्मदेशातून आणलेली.

म्यान लष्करी, मुठीवर शेंदराचे थर. हैबतरावांनी वीतभर पातं बाहेर काढलं आणि मी त्यावर वाकलेच. कारखान्यात ठोकलेलं पातं नाही ते! धारेच्या कडेने धुरकट रेघ — ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी. माझ्याकडे दोन जपानी तलवारी आहेत, एक लांब, एक आखूड. हिच्यापुढे दोन्ही पोरकट.

पुढच्या रविवारी जाणार. त्याच्या पुढच्याही.

११ नोव्हेंबर

आदर्श म्हणतो, "लोकांच्या बायका सोनं जमवतात." नवऱ्याला सांगून दमले. दिवसभर लॅबमध्ये ॲसिड आणि गंज यांच्याशीच गाठ. पिढ्यान् पिढ्या गंजाला पुरून उरलेलं लोखंड बघितलं की कुणीतरी धीर दिल्यासारखं वाटतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

१७ नोव्हेंबर

पुन्हा नाही. पण एक कळलं — दर दसऱ्याला पात्याला खोबरेल आणि शेंदूर! मी म्हटलं, शेंदराने पातं खराब होईल. हैबतराव तडकले. "माझ्या बापानं लावला, मी लावतो." आतून त्यांच्या बायकोचा, हौसाआजीचा आवाज — "लावू नको सांगते तर नका लावू! तुमच्यापरीस शिकलेली हाय ती."

शेवटी ठरलं. मी तलवार साफ करायची, पण त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या डोळ्यांदेखत.

चालेल!

२४ नोव्हेंबर

सगळी दुपार. मऊ फडकं, तेल, पुन्हा फडकं. मुठीतली बांबूची खुंटी हलता हलेना. हलली! मूठ सुटली आणि आतल्या काळ्या लोखंडावर दोन अक्षरं. हैबतराव डोळे बारीक करून बघत राहिले. "इतकी वर्षं घरात हाय, हे म्हाईतच नाय."

फोटो निशिगंधाला पाठवलेत. कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात जपानी शिकवते.

२६ नोव्हेंबर

घडवणाऱ्याचं नाव आहे. निशिगंधाने तिच्या सरांना विचारलं — तलवार तीनशे वर्षांची तरी असावी! कुणीतरी घरची पिढीजात तलवार लष्करी म्यानात घालून लढाईवर नेली होती.

मला ती हवी आहे. बस्स.

१ डिसेंबर

आज सरळ विचारलं. "बाबा, काय हवं ते सांगा."

"पोरी, जी माझी नाय ती विकू कशी?"

मग सगळं बोलले. लढाई हरल्यावर जपानी रांगेने हत्यारं टाकत होते. एक अधिकारी थांबला. त्याने तलवार ढिगात टाकली नाही, हवालदाराच्या — म्हणजे हैबतरावांच्या वडिलांच्या — हातात दिली. वाकून नमस्कार केला. स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, दोन्ही वडिलांकडून घोकून घेतलं. मग छातीवर हात, तलवारीवर बोट. वडिलांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पलटणीच्या गोऱ्या साहेबाने तलवार त्यांनाच ठेवू दिली. मरताना वडील हैबतरावांना म्हणाले, "न्यायला येईल तवा दे."

तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, मोरेकाकांची तलवार. मोरेकाका! त्या जपान्याचं नाव असंच काहीसं होतं म्हणे.

"आणि गाव?"

हैबतराव एकदम जमिनीकडे बघायला लागले. "ते... बायामान्सांत बोलण्यासारखं नाय."

मी हटले नाही. शेवटी हौसाआजी माझ्या कानाशी आल्या, तोंडाला पदर लावून म्हणाल्या — "हागी, गो!"

हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी. हैबतराव उठून गोठ्यात निघून गेले.

३ डिसेंबर

आहे! नकाशात आहे! हागी — जपानमधलं समुद्रकाठचं गाव. आणि निशिगंधाच्या मते मोरेकाका म्हणजे मोरीकावा. तिथल्या एका वर्तमानपत्राला ती पत्र लिहितेय.

आदर्श म्हणाला, "ते लोक सापडले तर तलवार जाईल. कळतंय ना तुला?" कळतंय. पण त्यांचा 'नको' आल्याशिवाय हैबतराव ती कुणालाच देणार नाहीत. म्हणजे शोधायलाच हवं. मी हे चांगुलपणाने करत नाहीये. इथे तरी खोटं नको.

२२ डिसेंबर

पत्र छापून आलं. उत्तर नाही.

१९ जानेवारी

अजून काही नाही. निशिगंधाला दुसऱ्यांदा लिहायला लावलंय. थांबणार नाही.

गागोद्यात आज पोपटी लावली. जाळावर मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा सोलून हौसाआजी माझ्याच पानात टाकत होत्या. घराकडे बघते तर ओसरीला ताजा चुना! हैबतरावांनी स्वतः काढलाय, शिडीवर चढून. "पाव्हना येनार तर भिंत बरी दिसाया नको?" आता मी फाट्यावर उतरते तर तिथेच उभे असतात. "मोरेकाकांचं काय?"

त्यांना लांबून बघितलं की मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसते.

१२ फेब्रुवारी

उत्तर आलं. मोरीकावांच्या पुतण्याच्या मुलाने लिहिलंय. चुलतआजोबा लढाईहून घरी परतले होते. लग्न केलं नाही. संत्र्यांची बाग सांभाळली, म्हातारे होऊन गेले. लढाईबद्दल, तलवारीबद्दल घरात कधी शब्दही काढला नाही. पुढे दोनच वाक्यं. आम्हाला ती तलवार नको. कृपा करून पाठवू नका.

१३ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये एकच चाचणी तीनदा केली.

मला हवं तेच झालं ना? मोरेकाका येणार नाहीत. तलवार मोकळी झाली. आणि ही बातमी द्यायची कुणी — तर मीच, जिचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा!

सांगितलं नाही तर ते वाट बघत राहतील. फाट्यावर उभे राहतील. दरवर्षी चुना काढतील.

नाही. रविवारी सांगणार. सगळं, जसंच्या तसं. आणि तलवारीचं नावही काढणार नाही. ठरलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

फाट्यावरच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, घरी चला.

ओसरीवर बसून सांगितलं. हौसाआजी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. माझं संपल्यावर हैबतराव म्हणाले,

"म्हंजे घरी पोचला?"

"हो. म्हातारे होऊन गेले."

"लढाईत मेला नाय."

"नाही बाबा."

"बाग लावली?"

"संत्र्यांची."

"बापाला लय काळजी होती. म्हनायचा, पोरगा घरी पोचला का नाय कुनास ठावं. पोरगाच होता तो तवा." खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. "आन तलवार नको म्हनतात?"

"नको म्हणतात."

"का?"

"मला नाही माहीत, बाबा. कदाचित बघवत नसेल त्यांना."

उठले. आत जाऊन तलवार आणली, लुगडं सोडलं. बापाने ठेवायला दिलेली वस्तू म्हणून स्वतः आजवर वीतभरच उपसायचे; साफ करतानाही पातं मीच बाहेर काढलं होतं. आज पूर्ण उपसली. उन्हात धरली.

"मग आता कुनाची ही?"

मी बोलले नाही. शपथ — एक शब्द बोलले नाही!

"माझी," हैबतराव म्हणाले. "आता माझी झाली." आणि माझ्याकडे बघून, हसत — "आन माझी हाय ती मी विकनार नाय, नूतनबाय!"

हौसाआजींनी वालाच्या शेंगांची पिशवी भरून दिली. एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई विचारते, "काय झालं गो, रडतेस कशाला?" मी म्हटलं, हसतेय.

२३ फेब्रुवारी

गेले नाही. घरच्या दोन्ही तलवारींना तेल लावलं.

९ मार्च, रविवार

रघूला कळलं, खांबला एका घरात जपानी तलवार आहे. सकाळीच गाठलं. घरच्या ठमाबाई दारातच म्हणाल्या, "उशीर झाला गो! काल गागोद्याचा एक म्हातारा रघूचं नाव सांगत आला, नवंकोरं फडकं नि तेलाची बाटली संगतीला घेऊन. बदल्यात वालाचं पोतं ओसरीवर टाकलं, तलवार घेतली नि गेला. म्हनला, रोह्याची बाय येईल मागनं — तिला सांग, मी नेली."