होड्या लावायची जागा

मुराकाठ, २२ एप्रिल १९४१

प्रिय माटका यागा,

तुम्ही बऱ्या आहात ना, हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारते. इकडे मी बरी. गाय व्यायली, कालवड झाली.

परवा ईस्टरनंतरचा पांढरा रविवार झाला. याच रविवारी पोरवयात मी रंगवलेल्या अंड्यांचं ताट तुमच्याकडे धाडलं, तुम्ही अंडी बदलून ते परत पाठवलंत, आणि आपण जन्माच्या माटका, मानलेल्या बहिणी झालो, रीतीप्रमाणे एकमेकींना 'तुम्ही' म्हणू लागलो. मग मुरा नदीची सरहद्द झाली, तरी ताट येत-जात राहिलं. यंदाही भरलं होतं. पण पलीकडे न्यायला एकही पोरगी तयार होईना.

शेजारची बोरिश म्हणाली, "रोझाल, तोंड पाडून काय बसलीस? तुझी यागा आता परदेशी राहिली नाही. मुरापलीकडचं सगळं आपलं झालं!"

"यागा माझी होतीच. तिला आणायला तोफा कशाला लागल्या?"

"पेपर वाचून वाचून बिघडलीस तू," म्हणाली. ताटातला गोड पाव मात्र खाऊन गेली.

वाचणं माझ्या नशिबी असंच आलं. मागच्या महायुद्धात नवऱ्याची, गास्पारची, आघाडीवरची पत्रं फादरांकडून वाचून घ्यायची लाज वाटे, म्हणून अक्षरं शिकले. ते गालिसियातून परतले नाहीत, वाचन राहिलं. डिसेंबरात मीच गल्लीला वाचून दाखवलं होतं की तुमच्या देशाशी आमची कायमची मैत्री झाली. या एप्रिलात वाचलं, तो शब्द मोडावा लागणार म्हणून आमच्या पंतप्रधानांनी स्वतःला गोळी घातली. पुढच्या आठवड्यात आमची फौज तुमच्याकडे निघाली. उत्तरेचा मुलूख मिळाला तेव्हा आम्ही घंटा वाजवल्या, पूर्वेचा मिळाला तेव्हा फुलं उधळली. जर्मनांनी दिलं ते ओंजळ पसरून घेतलं. आता त्यांनी मनगट धरलंय.

लिहायचं ते अजून लिहिलेलंच नाही.

माझ्या वेंडेलला तुम्ही तुमच्या अंगणात शिपायांत उभा पाहिलंत. तो तिथवर कसा पोचला, ते तुम्हाला माहीत नसेल. पूल उडवलेला होता. कप्तानानं विचारलं, नदी कोणाला ठाऊक आहे? वेंडेल पुढे झाला. होड्या चिखलात न रुतता लागतील अशी जागा त्यानं दाखवली. जिथे तुमच्या नवऱ्यानं त्याला मासे धरायला शिकवलं, तीच. तिथून वाट सरळ तुमच्या दारात येते. तुमचा मुलगा श्टेफेक पलटण मोडली म्हणून नुकताच घरी आलेला, अंगावर अजून लष्करी पँट. त्याला गवताच्या माळ्यावरून ओढून नेलं. वेंडेल बघत राहिला. बक्षीस म्हणून त्याला रजा मिळाली.

"आई, हुकूम होता. मी काय करणार?"

"हा आपला श्टेफेक आहे, एवढं तरी बोलायचंस."

"मग मलाही त्यांच्यातलाच समजले असते."

श्टेफेक जिवंत आहे. शहराबाहेरच्या वीटभट्टीत कैदी ठेवलेत. नावाडी सांगतो, मुराकाठच्या पोरांची ओळख आमच्या फौजेतल्या एखाद्या शिपायानं पटवली तर सोडतात. वेंडेलची रजा उद्या संपते. त्याला म्हटलं, सकाळी माझ्याबरोबर चल, सगळ्यांसमोर त्याचं नाव घे. तो अजून हो म्हणालेला नाही. चुलीपाशी बसलाय. मी त्याचे बूट पुसून दाराशी ठेवलेत.

तो आला नाही तर मी एकटी भट्टीवर जाईन, पण तुमच्या अंगणात येणार नाही.

तुमची माटका म्हणवून घेणं उद्यावर ठेवलेली,
रोझाल