उघाडीवरची ओ

आबा, आपल्या उघाडीवर मध्यंतरी रोज संध्याकाळी एक बाई यायची आणि खाडीकडे तोंड करून आपल्या मुलाला नावानं हाक मारायची. मुलगा पावसाळा सरता सरता गेला. हाक मारून झाली की ती थांबायची, कान देऊन ऐकायची. मग पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि बांधावरून आली तशी परत जायची. मी हे मागच्या दाराच्या फटीतून बघायचो, आणि तू असतास तर पहिल्याच संध्याकाळी हे संपलं असतं, असं मला रोज वाटायचं.

तुला आता इथलं काही ओळखू यायचं नाही. बांध आहे, पण त्याच्या अलीकडच्या खाजणात, त्या खारजमिनीत, भराव पडला आणि आपण भात लावायचो तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी उघाडीवरून हाक मारली की ती खाडी ओलांडून पलीकडच्या तिवरांत विरून जायची. आता ती इमारतींच्या भिंतींवर आपटून परत येते. ती बाई मुलाचं नाव घ्यायची आणि थोड्या वेळानं तेच नाव मागून, जरा जाड होऊन, तिच्या पाठीवर यायचं. पहिल्या दिवशी ती दचकून मागे वळली होती. नंतर वळायची नाही. इमारतीतल्या लोकांनी मात्र आवाजाचा त्रास होतो म्हणून पोलिसांना फोन केला. त्या तक्रारीवर पोलीस लगेच आले.

माझ्या मुलीला उघाडी म्हणजे काय हेच मुळी समजावून सांगावं लागलं. बांधातली लाकडी झडप. पावसाचं पाणी खाडीत सोडायची, खाडीचं खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही. गावानं ती तुझ्या हवाली केली होती, आणि तू दर उन्हाळ्यात तिला डांबर लावायचास. त्या कामाला चिकटून दुसरंही एक काम तुझ्याकडे आलं होतं, ते मुलीला सांगताना मला नीट शब्द सापडले नाहीत. खाडीत माणूस गेला की त्याच्या घरच्या बाईनं उघाडीवर येऊन त्याला हाक मारायची. रोज संध्याकाळी. भरती चढून पाणी उभं असेल, ओहोटी अजून लागलेली नसेल, अशी संध्याकाळ सगळ्यांत चांगली. आणि घराबाहेरच्या कुणीतरी त्या हाकेला ओ द्यायची. ओ मिळाली की माणूस वाटेला लागतो. नाही मिळाली तर पाण्याबरोबर येत-जात राहतो. मुलगी म्हणाली, "मग त्यात काय, कोणीही ओ देईल." मी म्हटलं, नाही देत. कारण ज्यानं ओ दिली त्यानं त्या घरी जाऊन, तो माणूस कसा गेला, हे आपल्याला ठाऊक असेल तेवढं सगळं सांगायचं असतं. काही मागे ठेवायचं नसतं.

माझं लग्न झालं त्या वर्षीचा तो रेतीवाला मला आठवतो. चोरून रेती काढणाऱ्या बोटीवर बादली घेऊन बुडी मारायचा. धाड पडणार असल्याचा निरोप बोटीला पोहोचला, तोही ठाण्यातूनच, आणि बोट तो पाण्याखाली असतानाच दोर टाकून पळाली. तू उघाडीवरून बघितलंस. दुसऱ्या दिवशी फौजदार आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहे, आई तव्यावर तांदळाची भाकरी भाजते आहे, आणि तो तुला समजावतो आहे. "त्याला फिट आली होती. असं लिहिलंय. तू कशाला मधे पडतो? तू सरपंच आहेस का पाटील?" तू म्हणालास, "मी उघाडीवाला." एवढंच. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला, तो त्यानं घेतला नाही. संध्याकाळी रेतीवाल्याच्या बायकोनं हाक मारली आणि तू ओ दिलीस. मी बांधाखाली उभा होतो. तुझा आवाज एरवी साधा होता, घोगराच, पण ती ओ जमिनीखालून आल्यासारखी आली आणि माझ्या पायाखालचा चिखल थंड पडला. मग तू तिच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलंस. पुढं ठाण्यातून रोज बोलावणं. दिवसभर बाकावर बसवून ठेवायचे आणि काहीच विचारायचे नाहीत. बोटीचा मालक कधी त्या बाकावर बसला नाही.

एकदा जेवताना मी चिडून विचारलं, "आबा, तू कशाला गेलास? तो काय आपल्या घरचा होता?" तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "आपल्या घरचा असता तर मना ओ देताच आली नसती." आणि मग, मी अजून उभाच आहे हे बघून, "जेव. भात निवतोय." ते मी विसरलो नाही. कळलं मात्र उशिरा.

आता या मुलाचं ऐक. पलीकडच्या आळीतला, भाजीचा टेम्पो चालवायचा. पुलाजवळच्या नाक्यावर रोज संध्याकाळी भरावाच्या मातीचे डंपर उभे राहतात, पोलीस खाली उतरतात, खिडकीतून हात बाहेर येतो, डंपर पुढे जातो. सगळं गाव बघतं. यानं मोबाइलवर शूटिंग केलं. पोलिसांनी त्याला जीपमध्ये बसवलं. सकाळी तो आपल्या उघाडीला लागलेला होता, कुजलेल्या झडपेत सदरा अडकून. मोबाइल सापडलाच नाही. ठाण्यात लिहिलं गेलं की नाक्यावरचे पोलीस बघून तो दारूच्या नशेत पळाला आणि पाण्यात पडला. त्यानं कधी दारूला हात लावला नव्हता. आपल्या गावदेवीच्या पालखीला खांदा देणारा मुलगा.

मोर्चा निघाला. माणसं खूप होती, अगदी पाचूबंदरहून कोळी बाया आल्या, पापडीहून आल्या. मेणबत्त्या लागल्या, पुढाऱ्यांनी निवेदन दिलं, चौकशी चालू आहे असं उत्तर मिळालं. मग लोक कामाला लागले आणि सगळं चहाच्या टपरीवर येऊन थांबलं.

"ठान्याच्या साहेबाला कंट्रोल रूमला टाकला म्हनतात."

"मंग काय, एसीत बसवला. लय मोठी शिक्षा झाली."

"आनी नाक्यावरचा कॅमेरा?"

"तो देवमाणूस हाय. वाईट दिसलं का डोले मिटतो."

हसले सगळे. मग कुणीतरी म्हणालं, "कोनीतरी बघितलं असंलच ना रे त्याला जीपमधी? द्या ना जाऊन जबाब."

"कोनाला देऊ? ज्याच्याविरुद्ध द्यायचा, तोच लिवून घेनार. आनी वर मलाच वाचून दाखवनार."

मी ग्लास खाली ठेवला आणि निघालो. आबा, मी बघितलं होतं. कंपनीतून स्कूटरनं येत होतो, नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. जीपच्या मागच्या बाजूला तो बसला होता, दोन्हीकडे पोलीस. त्यानं मला ओळखलं. "काका," म्हणाला. ओरडून नाही, रस्त्यात भेटल्यावर म्हणतात तसं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला आणि मी पुढं गेलो. काय झालं रे, एवढंही विचारलं नाही. तो शुद्धीत होता, डोळे स्वच्छ होते, आणि जीप खाडीच्या बाजूला तोंड करून उभी होती. हे ठाण्यात लिहिलेलं नाही, आणि ते मला ठाऊक आहे.

म्हणून त्याच्या आईनं हाक मारायला सुरुवात केली तेव्हा मी मागचं दार लावून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. ओ मिळेपर्यंत हाक थांबवायची नसते, ते तिला माहीत होतं. मी देव्हाऱ्यापुढं बसून जप करायचो आणि जपाच्या मधोमध त्याचं नाव यायचं, आधी खाडीकडून, मग इमारतींकडून. त्या वेळी तिवरांतली पाखरं गप्प व्हायची. कुत्री बांधाच्या पायथ्याशी बसून राहायची, भुंकायची नाहीत, सगळी एकाच दिशेला बघायची, उघाडीच्या कठड्याकडे, जिथं तू बसायचास.

एका रविवारी सकाळी एक शिपाई घरी आला. मराठवाड्याकडचा, नवीन बदलून आलेला, बोलायला गोड. स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची घेऊन बसला. "काका, तुम्ही कामावरून त्याच रस्त्यानं येता म्हणं. काही बघितलं नसंल ना?" मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "नसंलच. मी तसंच कळवतो वर." बायकोनं चहा दिला, त्यानं तो घेतला. मग त्याची नजर देव्हाऱ्याशेजारच्या तुझ्या फोटोवर गेली. हार घालायचा नाही असं तू सांगून ठेवलं होतंस, त्यामुळं फोटो नुसताच आहे, टोपी घातलेला. तो म्हणाला, "हे आजोबा घरी नाहीत का? त्यांना सांगा, रोज संध्याकाळी त्या कठड्यावर बसत जाऊ नका. लाकूड कुजलंय. पडतील पाण्यात." बायकोच्या हातातली गाळणी तिथंच राहिली. मी म्हटलं, "सांगतो."

 संध्याकाळी बायकोनं दिवा लावला आणि मागचं दार स्वतः उघडलं. "जा," म्हणाली. मी बांधावर गेलो. भरती पुरी चढली होती. पाणी उभं होतं, कडेला लागलेला कचरासुद्धा हलत नव्हता. कठडा रिकामा होता, पण ओला होता, आणि पाणी तिथपर्यंत चढलेलं नव्हतं. ती बाई उघाडीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मी आल्याचं तिला माहीत नव्हतं. तिनं हाक मारली. भिंतींवरून ती परत यायची मी वाट बघत होतो. परत आली नाही. तिच्या जागी ओ आली.

घोगरी, साधी, जमिनीखालून आल्यासारखी. पाणी त्याच वेळी हललं आणि झडपेतून ओहोटी लागली. बाई वळली. बांधावर मी एकटाच. ती धावत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. "दादा, तू व्हतास व्हय? माझ्या पोराला तू ओ दिलीस?" तिचे हात बर्फासारखे होते. मी नाही म्हटलं नाही. तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो, ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. जीप, दोन पोलीस, स्वच्छ डोळे. त्यानं काका म्हटलेलं आणि मी थांबलो नाही तेही. तिनं मधे एकदाच विचारलं, "घाबरला व्हता का?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाली, "आता कोर्टात पन सांग."

तिच्या वकिलानं धडपड करून चौकशी न्यायाधीशांसमोर नेली आहे. परवा मी तिथं उभा राहिलो. शपथ घेतली, ठाण्यातल्या कुणाच्याही हातून न जाता सगळं सांगितलं. कंट्रोल रूमचा साहेब मागच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. आबा, तो बाकावर बसला होता. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. तो आता शेजारच्या ठाण्यात येणार अशी कुणकुण आहे, आणि नाक्यावर माझी स्कूटर रोज अडवतात, कागद बघतात, परत देतात, काही बोलत नाहीत. ती बाई मात्र उघाडीवर यायची थांबली. पाखरं पुन्हा बोलू लागली आहेत. शिपाई एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, "बरं झालं, ऐकलं आजोबांनी. आता दिसत नाहीत कठड्यावर."

हे पत्र भरतीच्या पाण्यात सोडावं असं मनात होतं. पण झडप कुजली आहे, पाणी कुठल्या गटारातून कुणाच्या दारात जाईल याचा नेम नाही, आणि हे पोलिसांच्या वकिलाच्या हाती पडून चालणार नाही. म्हणून घडी करून तुझ्या फोटोमागं ठेवतो आहे. न्यायाधीशांनी मला विचारलं होतं, "इतके दिवस गप्प होतात, मग आताच का बोलता?" मी सांगितलं, "मी तिच्या हाकेला ओ दिली, साहेब. आमच्याकडे ओ देणाऱ्याला सगळं सांगावं लागतं." त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं. माझ्या जबाबात बाकी सगळं खरं आहे. एवढंच एक मी देवाची शपथ घेऊन खोटं बोललो. हाक आली तेव्हा माझं तोंड मिटलेलं होतं, आबा.